अजून एक चान्स

बारशाला जमलेल्या बायकांसमोर कुंदावन्संनी बाळावरून बोटं मोडली आणि सुस्कारा सोडला. “दुसरीही मुलगीच. असू दे मंजिरी, अजून एक चान्स घ्या.”

मंजिरीने नवऱ्याकडे पाहिलं. बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी त्यालाच बजावलं होतं. तो मात्र हसून म्हणाला, “घेऊ की ताई. शेवटी फिफ्टी-फिफ्टीच असतं.”

मंजिरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात परकराचा काठ चुरगाळत थोरल्या सावनीने विचारलं, “आई, मी पहिला चान्स होते का गं?”

वन्सं नाव सांगायला पाळण्याकडे वाकल्या, तशी मंजिरी मध्ये उभी राहिली.

“वन्सं, नाव तुम्ही सांगायचं नाही.”

“अगं, तो आत्याचा मान!”

“तो मान तुम्ही आत्ताच घालवलात. सावनी, ये, तुझ्या बहिणीच्या कानात तूच नाव सांग. आणि तुम्ही,” ती नवऱ्याकडे वळली, “डॉक्टर काय म्हणाले ते यांना मोठ्याने सांगा. मगच पानं वाढायची.”

सावनीचं ‘कुर्रर्र’ घरभर ऐकू आलं. नवऱ्याचा आवाज मात्र फुटेना.