तांदळातलं नाव

"नाही म्हंजे नाही! माह्यं पान मी लपवू देणार नाही." सुमेधाताईंनी जेवणाचं ताटच बाजूला सरकवलं.

गौरीने कपाळाला हात लावला. जिल्ह्याच्या क्रीडाकोशाच्या साइटवर आईच्या चरित्राचं पान होतं. आर्णीच्या शाळेत जन्मभर खो-खो शिकवला, पोरींना सातदा राज्यस्पर्धेला नेलं, सगळं होतं. पण गूगलवर आईचं नाव टाका, सगळ्यात वर काय यावं? 'पंचाच्या थोबाडीत मारल्याने दोन वर्षं बंदी.' गौरीची दोन स्थळं तेवढं वाचूनच फिरली होती.

"आई, पान कोशात राह्यतेच ना. फक्त गूगलवर दिसणार नाही."

"मंग नरहरदादाले कसं दिसन?"

नरहरमामा आपल्या वडिलांशी भांडून घरातून गेला, तो गेलाच. तेव्हा सुमेधाताई नववीत. छत्तीस वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. पण कधीतरी त्याला बहिणीची आठवण येईल, मोबाइलवर तो तिचं नाव टाकेल, ही त्यांची खूणगाठ पक्की. म्हणून तर पानाखाली हट्टाने फोन नंबर दिलेला. तेव्हापासून आठ वर्षं अनोळखी नंबर वाजला की त्या चुलीवरचं दूध सोडून धावत. राखीच्या दिवशी तर जीव नुसता तुटायचा.

गौरीने साइटवाल्या कपिलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सुमेधाताईंनी त्याला दादाचं सगळं सांगितलं.

"ठीक आहे मॅडम, नाही लपवत," कपिल म्हणाला. "पण तुमचा भाऊ नेमकं काय नाव टाकन, तेवढं सांगा. तेच वर आणतो."

"काय म्हंजे? सुमे..."

सुमेधाताईंच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या लग्नातलं ताट आलं. ताटात तांदूळ पसरलेले, आणि नवरदेव अंगठीने त्यात नवं नाव कोरतोय: सुमेधा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दादा तेवढा नव्हता. त्याने हे नाव कधी ऐकलंच नव्हतं!

"अगं बाई गं! काय येडी मी!" सुमेधाताईंना रडू आवरेना. आठ वर्षं दादाची वाट पाहिली, आणि दारावर पाटी भलत्याच बाईची.

गौरीने पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, फोन घेतला.

"कपिल, सुमेधाले खुशाल लपव बाप्पा. पण माहेरच्या ममता रामराव गावंडेले दारात उभी ठेव. तिचा दादा यायचा हाये."