जुळवून आणलेली भेट

लग्नाच्या वाढदिवशी सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. योगायोग जुळवणाऱ्या कंपनीत मीच नचिकेतचं नाव नोंदवलं होतं. हल्ली सगळेच करतात. हॉस्पिटलची लिफ्ट त्यांनीच अडकवली."

मृण्मयी सुन्न झाली. त्या लिफ्टमध्ये ती रडत दार बडवत होती आणि अनोळखी नचिकेत तिला धीर देत होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावर तिची वाट बघत तिच्या आजारी बाबांनी प्राण सोडला.

"मला खरंच माहीत नव्हतं," नचिकेत म्हणाला. "पण त्यामुळेच आपण भेटलो ना?"

"बाबा हाका मारत होते, आणि मला तुझ्यासाठी कोंडून ठेवलं होतं!" ती ओरडली.

"कंपनीला तुझ्या बाबांचं कुठे ठाऊक असणार?" सासूबाई पुटपुटल्या.

"सगळं ठाऊक होतं. रडणारी मुलगी लवकर जवळ येते, हेसुद्धा!"

मृण्मयी घराबाहेर पडली, ती परतलीच नाही.