पाच काडतुसांची रायफल

"डुकरं हाकलायलाच रायफल हवी असेल, तर ही नवी घ्या, रावसाहेब. हिची काडतुसं कुठेही मिळतात," कोल्हापूरचा दुकानदार समजावत होता. "ती जुनी घ्यायला स्वस्त, पण पोसायला जड. तिची माझ्याकडे पाचच काडतुसं उरलीत, पुढचा भरवसा नाही."

सरनोबत रावसाहेबांचं लक्षच नव्हतं. लष्कराने मोडीत काढलेली ती रायफल त्यांनी खांद्याला लावली, बोल्ट खटकन मागेपुढे केला आणि आरशात बघून मिशीला पीळ दिला. महायुद्ध पाहिलेली रायफल अर्ध्या किमतीत मिळत असताना नवी घ्यायला ते काय वेडे होते?

उसात शिरणाऱ्या रानडुकरांना मात्र महायुद्धाचं सोयरसुतक नव्हतं. पहिला कळप आला तेव्हा रावसाहेबांनी झकास नेम धरला, पण पाचाची चार होतील या धास्तीने बोट चापावरून खाली आलं. पुढे दर वेळी तेच. "वेळप्रसंगाला असू देत," ते म्हणायचे. मग त्यांच्या पत्नी इंदुताई पदर खोचून रॉकेलचा रिकामा डबा बडवत उसात घुसायच्या आणि डुकरं शेपट्या वर करून पळायची.

खंडेनवमीला रावसाहेबांनी शस्त्रपूजेसाठी रायफल तेल लावून पाटावर मांडली, पुढ्यात पाचही काडतुसं ओळीने उभी केली. इंदुताई कुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी रायफल जरा बाजूला सरकवली, पाटाच्या मधोमध तो चेपलेला डबा ठेवला आणि पहिलं कुंकू त्याला लावलं.