आपोआप जाणारा मेल

“कोणाले सांगतलं त खोटंच वाटन, पुंजाजीकाका. पण अमेरिकेतला मेल सर्व्हर म्या वाशीममधून वठणीवर आणला,” असं म्हणून इंद्रभान खुर्चीत रेलला. जणू तो सर्व्हर दारात चपला काढून उभा होता.

पुंजाजी आसेगावच्या शेतकऱ्यांच्या बियाणे कंपनीचे अध्यक्ष. मागच्या पेरणीला कंपनीच्या वेबसाइटवर ज्यांनी मागणी नोंदवली, त्यातल्या एकालाही पोचेचा मेल गेला नाही. निम्मे सभासद व्यापाऱ्याकडे पळाले. यंदाही तसंच झालं, तर उरलेले अध्यक्षालाच घरी बसवणार होते.

इंद्रभानचं वेबसाइट बनवायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि त्याचं तोंड थांबत नव्हतं. सेटिंगमध्ये त्यानं सर्व्हरचं नाव टाकलं, पोर्ट टाकला, पासवर्ड टाकला. सर्व्हर नाहीच म्हणाला. मग यानं त्याला अस्सल वऱ्हाडीत दम भरला म्हणे. तेव्हापासून सैफुद्दीनभाईंच्या मंगल कार्यालयात कोणी तारीख धरली, की मेल आपोआप सुटतो. यंत्र थकत नाही, कुरकुरत नाही. भाऊबीजेला चार दिवस मेल अडले खरे, पण तेव्हा समुद्रातल्या तारेला माशानं चावा घेतला होता.

तास होत आला, तरी आतून पाणीही विचारलं गेलं नव्हतं. घरच्या बाईनं गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही, हा आपला कायदा इंद्रभाननं आल्याआल्याच ऐकवला होता.

“दाखव,” पुंजाजी म्हणाले.

त्यांनी फोनवर सैफुद्दीनभाईंची वेबसाइट उघडून स्वतःच्याच नावानं मंगल कार्यालय धरलं. साठीतल्या नवरदेवानं बटण दाबलं आणि इंद्रभान मोठ्यानं खोकला. आत भांड्यांचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं फोन वाजला. इंद्रभाननं मिशीवरून हात फिरवला. पुंजाजींनी चष्मा लावून मेल वाचला.

‘आपली नोंदणी मिळाली. हा मेल यंत्राने आपोआप पाठवला आहे. कृपया उत्तर देऊ नये. ता. क. चहा ठेवला हाये. साखर चालते का?’

पुंजाजींनी तो पुन्हा एकदा वाचला. मग आतल्या पडद्याकडे तोंड करून उत्तर दिलंच.

“बिनसाखरेचा ठेव, सूनबाई. अन् मशीन तूच हायेस, त कंपनीच्या कामाचं तुह्याशीच बोलतो.”