वाळूतला झिजलेला राजा

"शनिवारची पुण्याची फ्लाइट कन्फर्म झाली का गं?" बाबांनी विचारलं आणि गाडीच्या डिकीतून मेटल डिटेक्टर काढला.

"निनाद बघतोय," वैभवी म्हणाली. बघायचं काही नव्हतं, तिकीट कधीच आलं होतं.

सासूबाई गेल्यावर निनादनं वडिलांना पुण्याहून दुबईला आणलं. वैभवीला सासऱ्यांची इतकी सवय झाली, की सकाळी त्यांचं खाकरणं ऐकल्याशिवाय तिचा चहा उकळेना. "बाबा, राहा ना," एवढंच तर म्हणायचं होतं. पण भिडेखातर राहतील आणि मनात कुढत बसतील, या भीतीनं तिच्या तोंडाला कुलूप.

मग एकदा तेच सहज म्हणाले, "पूर्वी रोमन माल यायचा या किनाऱ्याला. एखादं तांब्याचं रोमन नाणं सापडलं ना, तर मी इथून हलायचा नाही!"

वैभवीनं ते शब्द वरच्यावर झेलले. ऑनलाइन एक खरंखुरं, झिजलेलं रोमन नाणं मागवलं आणि आज उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर, बाबा बूट काढेपर्यंत, निळ्या बाकाशेजारी पुरूनही आली.

बाबांनी पिशवी खांद्याला लावली. तीत टोपी, पाण्याची बाटली आणि सासूबाईंच्या देवघरातली पितळी डबी. ती डबी ते कुठंही सोडत नसत. सासूबाईंचं कुंकू देवांवर थांबायचं नाही, देवघरातल्या घंटेला, पळीला, सगळ्यांना बोट लागायचं.

डिटेक्टर बाकाच्या बराच अलीकडे किंचाळला. बाबा गुडघ्यांवर बसले, पाठमोरे, वाळू उपसत.

"वैभवी, धाव! राजा आहे गं, राजा!"

लाटेनं सरकवलं असेल, असं म्हणत तिनं मनोमन समुद्राला हात जोडले.

"मग आता, बाबा?"

"आता काय? एक आहे तिथं आणखी असणार. निनादला सांग, तिकीट खलास!" ते तिच्याकडे न बघताच म्हणाले. "तुम्हाला अडचण नसेल तर हं."

"अडचण कसली, बाबा!" वैभवीला रडू आवरेना. वाऱ्यानं डोळ्यांत वाळू गेली, असं तिनं सांगितलं आणि त्यांनीही ते मानलं.

घरी आल्यावर बाबा सोफ्यावरच घोरायला लागले. वैभवीनं ते वाळूनं माखलेलं नाणं हलकेच उचललं आणि तांब्याच्या भांड्यांसाठी ठेवलेली चिंच घेतली.

अंगठ्यानं घासलं, तसं राजाच्या कानामागच्या खाचेतून सुकलेलं कुंकू निघालं.