दुसऱ्या वळणावरचा चिखल

“पट्टा अजून आवळ,” एस्टिल म्हणाला.

शेजारच्या डेन्झिलने टायरच्या पोटाभोवतीचा पट्टा आवळला, कडेला साबणाचं पाणी फासलं आणि हवा भरली. फट् आवाज झाला आणि टायर रिमवर बसला.

“काका, या ट्रॅक्टरने अंगणातलं गवत कापायचं की डोंगर नांगरायचा?”

“चढायचा.”

जुने टायर गुळगुळीत होते, अंगणापुरते. टेकडीच्या वाटेवर दुसऱ्या वळणाच्या चिखलात ते जागच्या जागी फिरत. म्हणून डेन्झिलने आपल्या मोडक्या एटीव्हीचे, डोंगरात फिरवायच्या चारचाकी गाडीचे, खोल खाचांचे टायर काढून आणले होते. रिम दोन्हींची बारा इंची, म्हणून जमलं. मडगार्डला घासत होतं तेवढं एस्टिलने आदल्या दिवशीच कापून टाकलं होतं.

टेकडीच्या माथ्यावर एस्टिलच्या घराण्याच्या कबरी होत्या. एस्टिलची मुलगी तिथेच होती, नऊ वर्षांची असताना गेलेली. एस्टिलची बायको व्हर्ली तीन वर्षांत वर गेली नव्हती. मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी ती खालूनच फुलं पाठवायची. यंदा त्या रविवारी तिला वर न्यायचं, असं एस्टिल म्हणाला होता.

पूर्वी या खोऱ्यात मेलेलं माणूस सहाजणांच्या खांद्यावर वर जायचं. आता सहा धड खांदे राहिले नव्हते. पोरं सगळी ओहायोत कामाला. शहरातल्या अंत्यविधीवाल्यांची गाडी चिखलात येत नाही. गेल्या वर्षी पलीकडच्या म्हातारीला त्यांनी हायवेलगतच्या सपाट दफनभूमीत ठेवलं. दिवसभर ट्रकांची घरघर. तिथून परतताना व्हर्ली रडली होती. “आपल्यातलं कुणी इथे नको, एस्टिल,” एवढंच ती म्हणाली होती.

आता ती ओसरीवर काठी मांडीवर घेऊन बसली होती. हिवाळ्यापासून दर मंगळवारी दोघं शहरातल्या दवाखान्यात जात. खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायचं कुणी?

डेन्झिलने आवाज खाली आणला. “डॉक्टर काय म्हणतो, काका?”

“तो नट सैल आहे बघ,” एस्टिल म्हणाला.

डेन्झिलने नट आवळला. 

व्हर्लीने वाळवलेल्या सफरचंदांचा केक पाठवला होता. डेन्झिलने दोन तुकडे संपवले. एस्टिलचा तुकडा तसाच राहिला, त्याच्यावर माश्या बसायला लागल्या.

“बायकोच्या काळजीनं तुम्हीच वाळलात,” डेन्झिल म्हणाला. “कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय. दिसत नाही होय मला?”

“तुझ्या पोटाला हवीत ती जुनी भोकं. घेऊन जा.”

एस्टिलने सीट दोन खाचा पुढं सरकवली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

“हे काय? हनुवटीला लागतील गुडघे!”

“चढावर वजन पुढं हवं. नाहीतर तोंड वर उचलतं.”

ते खरंच होतं. मग त्याने गिअरच्या दांड्याशी, सगळ्यात हळू चालीच्या जागी, लाल रंगाची खूण केली. म्हणाला, आताशा नीट दिसत नाही. ट्रॅक्टरमागे जोडायच्या छोट्या गाडीच्या बाजू काढून त्याने लांब फळ्या ठोकल्या आणि त्यांच्यावर वाळूची पोती रचायला घेतली. दोन पोत्यांनंतर तो बादली पालथी घालून बसला. उरलेली पोती डेन्झिलने चढवली.

“एवढं वजन? काकू तर चिमणीएवढ्या.”

“वर शवपेटीचं वजन धर की,” एस्टिल म्हणाला.

 कबरी सजवायचा रविवार वगैरे सगळं बोलायपुरतं होतं, हे डेन्झिलला आता कळलं.  ओसरीकडे बघायचं त्याने टाळलं.

एस्टिलने ट्रॅक्टर सुरू केला आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “दांडा लाल खुणेवर. ब्रेकला पाय लावायचा नाही. मागं बघायचं नाही.”

“कुणाला शिकवताय, काका?”

“यंत्राला. म्हातारं झालंय, विसरतं.”

ओसरीवर व्हर्लीचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असेल बिचारी, डेन्झिलला वाटलं.

पहिलं वळण सहज गेलं. दुसऱ्या वळणावर चाकं क्षणभर फिरली, मग खाचांनी चिखल धरला आणि ट्रॅक्टर बैलासारखा वर निघाला. माथ्यावर मुलीच्या दगडाशेजारी दोन जागा मोकळ्या होत्या. एस्टिल त्यातल्या एकीजवळ बराच वेळ उभा राहिला.

डेन्झिलने डोळे पुसले. “काका, वेळ आली की मला हाक मारा. मी चालवेन. त्या दिवशी तुमच्यानं व्हायचं नाही.”

“नाही रे. आपल्या माणसाला आपणच वर आणायचं. आमचं ठरलंय तसं.”

“आणि मध्येच हात कापायला लागले तर?”

“म्हणून तर हे टायर.”

ऑक्टोबरात, पानं पिवळी पडली तेव्हा, पेटी वर निघाली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. खोऱ्यातली पाच-सात माणसं टोप्या हातात घेऊन मागून चालत होती. डेन्झिल सगळ्यात पुढं, पेटीला हात लावून. ‘मी चालवतो’ असं त्याने सकाळी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं होतं. उत्तरादाखल नुसती नकारार्थी मान हलली होती.

दुसऱ्या वळणावर चाकं फिरली. सगळे थबकले. मग खाचांनी चिखल धरला.

इंजिनाच्या आवाजातून डेन्झिलला सीटवरचा आवाज ऐकू आला. दोन खाचा पुढं सरकवलेल्या सीटवर, काठी मांडीवर आडवी टाकून, व्हर्ली पुन्हा पुन्हा म्हणत होती, “दांडा लाल खुणेवर. ब्रेकला पाय लावायचा नाही. मागं बघायचं नाही, एस्टिल, नाही बघत मी.”