तुटलेल्या पट्ट्याचा रणगाडा

"दफादार, खाली उतरा. मी हात जोडतो," अभिजीत म्हणाला.

"हात नका जोडू, साखळी जोडा. माझ्यासकट उचला."

बेलवलीच्या उद्यानातील चौथऱ्यावर तो निवृत्त रणगाडा उभा होता. त्याच्या उघड्या झाकणातून माजी सैनिक महिपती दफादार छातीपर्यंत वर आले होते. वय ऐंशीच्या घरात, अंगावर कडक इस्त्रीचा कोट, कोटावर पदके. भोवती जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अभिजीत बांधकामे हटवणाऱ्या पथकाचा प्रमुख होता. वास्तविक आज सकाळी त्याला हेंद्रेपाड्यात जायचे होते. नव्या रस्त्याच्या रेषेत आलेली एक पत्र्याची शेड पाडायची होती. पण काल सायंकाळी कोणीतरी फोन करून कळवले, की रणगाड्याचा चौथरा खचला आहे आणि तिथे मुले खेळतात. पाहणीत चौथरा खरोखरच खचलेला आढळला. म्हणून क्रेन, जेसीबी आणि पोलीस असा सारा लवाजमा आधी इकडे आला. रणगाडा उचलून गोदामात न्यायचा, एवढेच काम होते. तोवर दफादार आत जाऊन बसले होते.

ज्या पुरुषाने देशासाठी अग्नी अंगावर घेतला, त्याला दंडाला धरून ओढावे, हे अभिजीतच्या मनाला पटेना.

चौथऱ्याच्या पायरीवर दफादारांच्या पत्नी गोदूबाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"माझं ऐकणारे असते तर फौजेत कशाला गेले असते?" गोदूबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. भाकरी खाणार?"

अभिजीत शिडीने वर चढला आणि झाकणाजवळ बसला. आत गंजाचा आणि जुन्या तेलाचा वास होता.

"असाच होता का तुमचा रणगाडा?"

"असाच. एकाहत्तरचं युद्ध. वाळूच्या टेकाडावर सुरुंगानं आमचा चाकांवरचा पट्टा तोडला. चालक जागीच गेला. तोफेवर शंकर होता, गुडघा फुटलेला. वाचनाचं भारी वेड त्याला. गोळ्यांच्या पेटीत पुस्तक ठेवायचा."

"मग तुम्ही बाहेर पडलात?"

"रेडिओवर हुकूम आला, गाडी सोडा, मागे या. मी म्हटलं, आवाज येत नाही. पुन्हा हुकूम आला. मी म्हटलं, मुळीच येत नाही." दफादार प्रथमच हसले. "शंकर खालून म्हणाला, दफादार, मला तर स्पष्ट येतोय. मी म्हटलं, तू तोफेकडे बघ."

"पण का? पट्टा तुटलेला, गाडी हलणार नाही..."

"ते आम्हाला ठाऊक. समोरच्यांना कुठे ठाऊक होतं? आमची तोफ चालू होती. त्यांच्या सगळ्या तोफा आमच्यावर वळल्या. घंटेच्या आत डोकं घातल्यासारखं वाटत होतं."

"आणि तुमचे बाकीचे रणगाडे?"

"ते डाव्या हाताच्या नाल्यात होते."

"मदतीला आले नाहीत?"

"त्यांना दुसरं काम होतं," दफादार म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "शंकर वाचला. पाय अधू झाला, पण वाचला. गेल्या वर्षी गेला. शालनवहिनी आहेत."

हा मनुष्य एका निर्जीव यंत्राला का सोडत नाही, हे आता आपल्याला उमगले, असे अभिजीतला वाटले.

खालून जेसीबीचा चालक रघु ओरडला, "साहेब, इथे टाइमपास चाललाय. मी जेसीबी घेऊन हेंद्रेपाड्याला जाऊ का? पोलीस पण द्या. शेड साफ करून लगेच येतो."

अभिजीतने मान डोलावली. जेसीबी घरघरत मागे वळू लागला.

"अभिजीतराव!" दफादारांचा आवाज एकदम चढला. "मी उतरतो."

"खरंच?"

"उतरतो. पण सगळी फौज समोर उभी पाहिजे. क्रेन, जेसीबी, पोलीस, सगळे. अर्ध्या फौजेपुढे दफादार शरण जात नाही."

लोक हसले. अभिजीतलाही हसू आले. वृद्ध वीराचा एवढा मान राखण्यात काय जाते? त्याने रघुला हात केला आणि जेसीबी परत जागेवर लावायला सांगितला.

"आता उतरा."

"पोटात काही नाही. गोदू, डबा दे वर."

दफादार भाकरी सावकाश खाऊ लागले. मग त्यांना पाणी हवे झाले. मग औषधाची गोळी. मग त्यांचा पाय जखडला आणि तो मोकळा होईपर्यंत थांबावे लागले. वरिष्ठांचा फोन आला, "अजून काय करताय तिथे?" अभिजीतने दफादारांकडे पाहिले आणि तो म्हणाला, "सर, आवाज नीट येत नाहीये."

दफादारांनी त्याच्या खांद्यावर हलकेच थोपटले.

ऊन कलले. एवढ्यात गोदूबाईंचा फोन वाजला. पलीकडचे ऐकून त्यांनी तो वर दिला. दफादारांनी कानाला कमी ऐकू येते म्हणून स्पीकर लावला.

"भावजी, शालन बोलतेय. कोर्टातून आताच बाहेर पडले. स्थगितीचा कागद हातात आहे. यांची अभ्यासिका वाचली."

"शेडला धक्का नाही ना?"

"आत्ताच फोन करून विचारलं. एक पत्रासुद्धा हलला नाही. मुलं आत वाचत बसलीयत."

दफादारांनी फोन बंद केला. कोटाची गुंडी लावली आणि कोणाचाही आधार न घेता ते शिडीवरून खाली उतरले. पाय कुठेही जखडला नाही.

"न्या आता," ते अभिजीतला म्हणाले. "आणि जरा जपून उचला. चौथरा खरंच खचलाय. उगाच नाही मी काल फोन केला."